शस्त्रक्रियेनंतरचा परतीचा प्रवास

शस्त्रक्रियेच्या इतिहासात भूल, निर्जंतुकीकरण आणि रक्तपुरवठा यांची प्रकरणे सविस्तर आढळतात. रुग्ण घरी कसा परतला याचे प्रकरण मात्र सहसा आढळत नाही. एके काळी त्याची फारशी आवश्यकताही नव्हती. हर्नियाच्या वा ॲपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आठवडा-दोन आठवडे बिछान्यावर पडून असे, टाके रुग्णालयातच निघत, आणि तो घरी निघे तेव्हा जखम बऱ्याच अंशी भरून आलेली असे. प्रवास हा उपचार संपल्यानंतरचा व्यवहार होता. आता तो उपचाराच्या ऐन मध्यावर येऊन पडला आहे.

हा पालट एकाएकी झाला नाही. रुग्णास लवकर उठवावे, असे शिकागो येथील एमिल रीस यांनी १८९९ मध्येच प्रतिपादन केले होते; परंतु जखम उसवेल या धास्तीपुढे ते मत मागे पडले. डेट्रॉइटचे डॅनियल लीथॉझर यांनी १९४१ मध्ये तोच विचार पुन्हा मांडला, आणि महायुद्धकाळातील खाटांच्या टंचाईने त्यास अनुकूल भूमी लाभली. पुढे १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. १९९० नंतरच्या दशकात कोपनहेगनचे हेन्रिक केहलेट यांनी वेदनाशमन, आहार व हालचाल यांची सांगड घालून मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचाही मुक्काम काही दिवसांवर आणला. लवकर उठल्याने फुप्फुसांचे व रक्ताच्या गुठळ्यांचे विकार कमी होतात, याविषयी आता वाद उरलेला नाही. परंतु जखम भरण्याचा वेग काही त्या प्रमाणात वाढलेला नाही. तीन आठवड्यांनंतरही व्रणाचा ताण सोसण्याचा जोर मूळ त्वचेच्या सुमारे चतुर्थांशच असतो. तिसऱ्या दिवशी तर सर्व भिस्त टाक्यांवरच असते. तात्पर्य, घरी जाण्याचा दिवस अलीकडे आला, जखम मात्र आपल्या गतीनेच चालली आहे.

अशा जखमेवर वाहनातील धक्क्यांचा परिणाम कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. वाहन खड्ड्यात आदळले वा एकदम थांबले, की धड सावरण्यासाठी पोटाचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि उदरातील दाब क्षणात वाढतो; खोकताना घडते तेच येथे नकळत घडते. वेदना होते ती या आवळण्याची. म्हणून घडी घातलेली चादर किंवा लहान उशी जखमेवर दोन्ही हातांनी धरून ठेवणे हा साधा उपाय गुणकारी ठरतो. जागेचेही महत्त्व आहे. एसटीच्या गाडीत मागील आसाचा पलीकडचा भाग तरफेच्या लांब टोकासारखा उसळतो. दोन्ही आसांच्या मधल्या भागात धक्का पुष्कळ सौम्य लागतो. गर्दीत मागची आडवी बैठक सहज मिळते आणि पाय पसरता येतील म्हणून नातेवाईक तीच पसंत करतात, ही निवड नेमकी उलटी होय. मोटारीत पट्टा टाळणे हेही असेच. पट्टा लावलाच पाहिजे. त्याचा खालचा भाग ओटीपोटावर न येता कमरेच्या हाडांवर यावा आणि जखमेपाशी मऊ घडी असावी.

प्रवास लांबचा असल्यास पायांचा विचार करावा लागतो. रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीमागे प्रवाहाचे मंदावणे, शिरांच्या भिंतीस झालेली इजा आणि रक्ताच्या घटनेतील बदल, ही रुडॉल्फ व्हिर्खो यांच्या १८५६ मधील विवेचनाशी जोडली जाणारी कारणत्रयी प्रसिद्धच आहे. शस्त्रक्रियेने तिन्ही कारणांस वाव मिळतो, आणि हा धोका कित्येक आठवडे राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासाने सामान्य माणसातही हा धोका दुप्पट होतो. मुंबईत शस्त्रक्रिया होऊन नांदेडकडे वा सावंतवाडीकडे निघालेला रुग्ण ही मर्यादा कितीतरी ओलांडतो. घोटे हलवीत राहणे, पाणी पीत राहणे आणि तास-दोन तासांनी उतरून चार पावले चालणे त्यास आवश्यक असते. लघवीसाठी उतरावे लागू नये म्हणून पाणीच न पिणे, विशेषतः स्त्रियांमध्ये, सर्रास आढळते.

निघण्याच्या वेळेचा प्रश्नही किरकोळ नव्हे. वेदनाशामक गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी. प्रत्यक्षात घरी जाण्याची अनुज्ञा सकाळच्या फेरीत मिळते, गोळीही तेव्हाच दिली जाते, आणि देयकाचा हिशेब संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. विमा-नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये विमा कंपन्यांना अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. गाडी सुटते तेव्हा औषधाचा अंमल ओसरलेला असतो.

अंतराप्रमाणे उंचीचाही विचार क्वचित करावा लागतो. नेत्रपटल सुटल्यास काही शस्त्रक्रियांत डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. हवेचा दाब घटला की तो प्रसरण पावतो आणि दृष्टीस अपाय होऊ शकतो. त्यामुळे बुडबुडा विरेपर्यंत, म्हणजे वायूच्या प्रकारानुसार दोन ते आठ आठवडे, विमानप्रवास वर्ज्य असतो. परंतु महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून उंच आहे आणि तेथे हवेचा दाब सुमारे सातव्या हिश्शाने कमी असतो, हे मोटारीने घाट चढणाऱ्या रुग्णाच्या ध्यानी येत नाही.

शासनाच्या योजनांनी या प्रवासाची दखल घेतली आहे, पण असमान. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील बाळंतिणीस, सिझेरियन झाले असल्यासही, घरी पोचविण्याचे वाहन विनामूल्य देऊ केले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत रुग्णाला घरी जाण्यासाठी एसटीचे वा रेल्वेच्या द्वितीय वर्गाचे भाडे धरण्यात आले. पहिल्या योजनेत प्रवास हा शुश्रूषेचा भाग मानलेला दिसतो. दुसरीत तो खर्चाची एक बाब आहे. भाड्याने आसन मिळते. ते मागच्या चाकांच्या पलीकडचे की अलीकडचे, हे नशिबावर राहते.

सोबत दिलेला कागदही बहुधा इंग्रजीत असतो. ताप, पोटरीची सूज, धाप किंवा जखमेतून स्राव दिसल्यास कोठे दूरध्वनी करावा, एवढ्या चार ओळी मराठीत लिहून दिल्या तरी घरातील माणसांचे पुष्कळ काम होते. कारण घरी पोचताच रुग्ण त्यांच्याच हाती येतो: दारात भाकरतुकडा ओवाळेपर्यंत तो उभा असतो, मग समाचाराला आलेल्यांसाठी बसून राहतो, आणि रात्री जमिनीवरच्या अंथरुणावरून उठताना, कुशीवर वळून कोपराचा आधार घ्यावा हे कोणी न सांगितल्यामुळे, दिवसभर जपलेल्या पोटावर सर्वांत मोठा ताण घेतो.