घडीचा चाकू

मैसूरच्या देवराज बाजारात फुलांच्या ओळीतून जाताना एक दृश्य वारंवार दिसते. येथे फुलांची माळ ‘मोळा’ने मोजतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी. विक्रेता माळ हातावर मोजतो, कमरेचा लहानसा चाकू काढतो, नखाने पाते उघडतो, दोरा तोडतो आणि पाते पुन्हा मिटून ठेवतो. गिऱ्हाईक पैसे काढीपर्यंत हे सारे उरकलेले असते. विळी स्वयंपाकघरात राहते, कोयता शेतात जातो, अडकित्ता पानाच्या डब्यात विसावतो. माणसाबरोबर दिवसभर हिंडते ते मात्र हे मिटणारे पाते.

‘चाकू’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि कन्नडमध्येही तो रुळला आहे. तुर्की भाषेतील त्याचा भाऊबंद ‘चाकी’ आजही खिशातल्या घडीच्या चाकूलाच लावतात. वस्तू तर शब्दाहूनही जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे मिळालेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. इतक्या जुन्या काळापासून माणसापुढे प्रश्न एकच आहे: धार तीक्ष्ण असावी, पण ती वाहून नेणाऱ्याला लागू नये. म्यान हे त्याचे एक उत्तर. मूठच म्यान करणे हे दुसरे.

परंतु या दुसऱ्या उत्तराची किंमत द्यावी लागते. साध्या सुरीचे पोलाद मुठीत खोलवर गेलेले असते. घडीच्या चाकूत पाते आणि मूठ यांच्यामध्ये एक खिळा व एक सांधा असतो. म्हणून असा चाकू पारखताना लोक प्रथम धारेवर अंगठा फिरवतात, ते मला अपुरे वाटते. बोथट धार दगडावर पुन्हा लावता येते. ढिला सांधा बोटावर येतो.

नेहमीच्या चाकूत मुठीच्या पाठीला पोलादाची एक लांब कमान बसवलेली असते. पात्याचे बूड चौकोनी घडवतात. पाते उघडताना बुडाचा कोपरा कमानीला उचलतो. पाते पूर्ण उघडले की कमान बुडाच्या सपाट बाजूवर दाबून बसते. ‘टक्’ असा जो आवाज येतो तो हाच. पाते धरून राहते ते केवळ या दाबाने, त्याला कुलूप नसते. दोरा तोडताना किंवा पेरू चिरताना भार धारेवर येतो आणि पाते उघडण्याच्याच दिशेने रेटले जाते, म्हणून धोका नसतो. टोक खुपसले किंवा पात्याच्या पाठीवर जोर पडला, की तेच पाते बोटांवर मिटते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी पार्सलाचा जाड पुठ्ठा अशा चाकूच्या टोकाने भोसकला. पाते मिटले आणि तर्जनीचा स्नायुबंध तुटला. जखम भरली, पण लेखणी धरताना ते बोट आजही पुरते वाकत नाही. तो चाकू नवा होता आणि धारही उत्तम होती.

हा दोष घालवण्यासाठी कारागिरांनी निरनिराळ्या युक्त्या केल्या. फ्रान्समधील साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा स्वस्त चाकू शेतकऱ्यांसाठी घडवला. त्याच्या सांध्याभोवती फिरणारे कडे १९५५ मध्ये आले. कडे वळवले की पाते अडते. काही चाकूंत पाठीच्या कमानीचा दात पात्याच्या खाचेत बसतो आणि कमान दाबल्याखेरीज सुटत नाही. अमेरिकेतील मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मुठीच्या आतील पातळ पत्र्यालाच अडसर केले. पाते उघडताच तो पत्रा बाजूला सरकून पात्यामागे उभा राहतो. तथापि कोणताही अडसर झिजतो आणि त्यात कचरा बसतो. त्याच्या भरवशावर टोकाने भोसकणे शहाणपणाचे नव्हे.

धार आणि कमान दोन्ही पोलादाचीच. पण धार कठीण हवी आणि कमान लवचिक. पोलाद तापवून त्याला पाणी देण्याची व नंतर बेताने शेकण्याची जी विद्या, तिच्यावर हा भेद अवलंबून असतो. या विद्येच्या इतिहासात मैसूर प्रदेशाला मानाचे स्थान आहे. टिपूच्या पाडावानंतर, १८०० मध्ये, फ्रान्सिस बुकानन या प्रदेशातून फिरले व १८०७ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मातीच्या लहान मुशीत लोखंडाबरोबर तरवडाच्या काटक्या व पाने घालून, तोंड बंद करून, भट्टीत पोलाद कसे करीत याचे वर्णन त्यात आहे. वनस्पतीतला कार्बन लोखंडात शिरे आणि सुमारे दीड टक्का कार्बनचे कठीण पोलाद तयार होई. युरोपात ते ‘वूट्झ’ नावाने गेले. हा शब्द कन्नड ‘उक्कु’चे रूप असावा असे मानतात. लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट त्यापासून वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे करीत आणि मायकेल फॅराडे यांनी त्यांच्यासह या पोलादाचे प्रयोग केले. पुढे गिरण्यांच्या स्वस्त पोलादापुढे या भट्ट्या विझल्या. आजच्या चाकूत बहुधा न गंजणारे पोलाद असते. त्यातील क्रोमियमचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास असते.

चाकू खिशात असावा की नसावा, हाही प्रश्न आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तलवारी, खंजीर यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना होते. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाची पाती त्यातून वगळली आहेत. खिशातले पाते तीन-चार इंचांचे, म्हणजे या मापाच्या पुष्कळ आत. तरी स्थानिक आदेश वेगळे असू शकतात, कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूकडे अधिक कठोरपणे पाहिले जाते आणि विमानात तो हातातल्या पिशवीत नेता येत नाही.

चाकू घ्यायचा झाल्यास उघडलेले पाते डावी-उजवीकडे हलवून पाहावे. ते डुगडुगू नये. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावू नये. ‘टक्’ स्पष्ट ऐकू यावी. वर्षातून दोन-चारदा सांध्यात तेलाचा थेंब सोडावा, आणि मिटताना बोटे धारेच्या वाटेत नाहीत ना, हे दर वेळी पाहावे. देवराज बाजारातल्या त्या विक्रेत्याचे लक्ष दोरा तोडताना गिऱ्हाइकाकडे असते. पाते मिटताना मात्र तो क्षणभर हाताकडे पाहतो.