झेब्रा माशाची पैदास व पिल्लांचे संगोपन

मराठीत ‘पैदास’ व ‘संगोपन’ हे शब्द पुष्कळदा जोडीने येतात. पहिला फार्सीतून आला असून त्याचा रोख उत्पत्तीकडे आहे. दुसऱ्याच्या मुळाशी रक्षणवाचक ‘गुप्’ हा संस्कृत धातू आहे. घरी मासे पाळणाऱ्याने हा अर्थभेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. कारण पैदास मासे स्वतःच करतात, संगोपन मात्र माणसाला करावे लागते.

झेब्रा मासा हे याचे उत्तम उदाहरण होय. या भारतीय माशाचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली केले. पुढे जॉर्ज स्ट्राइसिंगर यांच्या ओरेगन विद्यापीठातील कार्यामुळे तो आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांत स्थिरावला. त्याचा भ्रूण पारदर्शक असल्याने वाढीचे वेळापत्रक तासांच्या हिशेबाने माहीत झाले आहे. घरगुती संगोपनालाही तेच मार्गदर्शक ठरते.

नर सडपातळ व पिवळसर, तर मादी पोटाशी फुगीर व रुपेरी असते. दोघांना काही दिवस वेगळे ठेवून चांगले खाऊ घालावे आणि सायंकाळी एकत्र सोडावे. पहाटे उजेड पडताच मादी अंडी घालू लागते. ती चिकट नसल्याने तळाशी जातात आणि जन्मदातेच ती खातात. म्हणून टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचा थर द्यावा व अंडी पडल्यावर मोठे मासे काढून घ्यावेत. पांढरी पडलेली अंडी मृत समजून नळीने उचलावीत. अन्यथा त्यांवर बुरशी वाढते.

सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमानात दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. प्रारंभी ती काचेला चिकटून असतात; पोटाशी असलेल्या बलकावर त्यांचा निर्वाह होतो. पाचव्या दिवसाच्या सुमारास वाताशयात हवा भरून ती पोहू लागतात. खरी कसोटी येथे लागते. बलक संपत आलेला असतो आणि मुख इतके लहान असते की मोठ्या माशांचे अन्न त्यात शिरत नाही. समोर अन्न असूनही पिल्ले उपाशी मरतात, ती यामुळे.

यावर उपाय अंडी घालण्यापूर्वीच योजावा लागतो. वाळलेले गवत पाण्यात भिजवून त्यात तळ्याचे थोडे पाणी मिसळले की काही दिवसांत पॅरामीशियमसारखे सूक्ष्मजीव वाढतात. हेच पहिले अन्न होय. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देता येतो. परंतु उरलेला अंश कुजून पाण्यात अमोनिया वाढतो, म्हणून तो अत्यल्प द्यावा. दुसऱ्या आठवड्यात आर्टेमियाची नुकतीच जन्मलेली पिल्ले द्यावीत; त्यांची अंडी खाऱ्या पाण्यात एक-दीड दिवसात फुटतात. पाणी रोज थोडेच बदलावे; नळाचे पाणी क्लोरीनमुक्त करून मगच वापरावे.

सारांश, शेकडो अंड्यांतून किती मासे हाती लागतील हे अंड्यांच्या संख्येवर नव्हे, तर पाचव्या दिवशी योग्य आकाराचे अन्न सिद्ध आहे की नाही यावर अवलंबून असते.