निळू फुले : खलनायकापलीकडचा चरित्र अभिनेता

मराठी चित्रपटातील ग्रामीण सत्ताधाऱ्याच्या चित्रणाचा अभ्यास करताना निळू फुले (१९३०–२००९) यांना वगळून पुढे जाता येत नाही. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले, तर अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटाने पडदा.

त्यानंतर बेरकी पाटील, सरपंच अशा भूमिकांचा साचाच त्यांच्याभोवती तयार झाला. मात्र विजय तेंडुलकर लिखित व जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’मधील (१९७५) हिंदुराव धोंडे पाटील या साच्यात मावत नाही. साखर कारखानदारीतून बळावलेला हा पुढारी अगत्यशील आहे, विनोदीही आहे. एक मद्यपी, गांधीवादी मास्तर (डॉ. श्रीराम लागू) बेपत्ता मारुती कांबळेविषयी विचारू लागतो, तेव्हा त्या अगत्यामागची भीती फुले यांच्या नजरेत आणि खर्जातील आवाजात हळूहळू उतरते. येथे दरारा आरडाओरड्यातून येत नाही, हे विशेष. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तर ते सत्तेच्या दुसऱ्या बाजूस, पत्रकार दिगू टिपणीसच्या रूपात उभे आहेत.

प्रेक्षकांनी मात्र पडद्यावरील माणूसच खरा मानला. खेड्यापाड्यांतील स्त्रिया त्यांच्या नावाने बोटे मोडीत, असे सांगतात. आणि त्याच काळात हा अभिनेता अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात रमलेला होता.