जंतूंचा पुरावा हवाय? हा घ्या!

हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही जर्मनीतली दोन शहरं 1892 मध्ये एकमेकांना इतकी खेटून होती, की काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू हॅम्बुर्गची आणि समोरची आल्टोनाची. हवा तीच, जमीन तीच, माणसांचं खाणंही तेच. त्या ऑगस्टमध्ये पटकीची साथ आली आणि हॅम्बुर्गच्या बाजूच्या घरांतून प्रेतं निघू लागली. समोरची बाजू जवळजवळ धडधाकट! साथ ओसरेपर्यंत हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसं दगावली.

फरक होता तो नळाचा. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी न गाळता घरोघरी सोडायचं. आल्टोनाही त्याच नदीचं पाणी घ्यायचं, तेही प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचा सगळा मैला नदीत मिसळल्यानंतर. पण तिथे ते वाळूच्या जाड थरांतून गाळलं जायचं. त्यावर कडी म्हणजे हॅम्बुर्गर प्लाट्झ नावाची कामगारांची वस्ती. ती हॅम्बुर्गच्या हद्दीत, पण तिला नळ होता आल्टोनाचा. आसपास साथ थैमान घालत असताना ही वस्ती ठणठणीत राहिली.

‘जंतूबिंतू काही नसतं, शरीर कमजोर झालं की माणूस आजारी पडतो’ असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. व्हॉट्सॲपवर तर रोज. प्रतिकारशक्ती कमी-जास्त असते हे खरंच आहे. पण समोरासमोरच्या घरांत राहणाऱ्या हजारो माणसांची प्रतिकारशक्ती नगरपालिकेची हद्द पाहून बदलत नाही.

पटकीचे जंतू पिणारे प्राध्यापक

जंतू नाकारणाऱ्यांचा एक लाडका किस्सा आहे आणि तो खरा आहे. म्युनिकचे प्रोफेसर मॅक्स फॉन पेटेनकोफर यांना जंतूंमुळेच पटकी होते हे मान्य नव्हतं. 7 ऑक्टोबर 1892 रोजी, वयाच्या 73 व्या वर्षी, त्यांनी पटकीच्या जिवंत जंतूंचं पाणी पिऊन टाकलं. पोटातल्या आम्लानं जंतू मेले असं कोणी म्हणू नये म्हणून आधी सोडाही घेतला! ते मेले नाहीत.

किस्सा सहसा इथेच थांबवला जातो. पुढचा भाग असा, की त्यांना जुलाब झाले आणि शौचात तेच जंतू भरपूर सापडले. दहा दिवसांनी त्यांचे सहकारी रुडॉल्फ एमरिक यांनी तोच प्रयोग स्वतःवर केला, तर त्यांना त्याहून जास्त त्रास झाला. जंतू शिरला म्हणजे माणूस मरतोच असं जंतुशास्त्र कधीच म्हणत नाही. त्याच साथीत लागण झालेले कितीतरी हॅम्बुर्गकरही बरे झाले होते. पेटेनकोफर यांच्याबद्दल मला मात्र आदर आहे. म्युनिकला स्वच्छ पाणी आणि गटारं मिळावीत म्हणून हा माणूस आयुष्यभर झटला. कारण चुकलं तरी उपाय बरोबर निघाला.

दिसले, पण गुन्हेगार ठरले नाहीत

जंतू पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या एका कापड व्यापाऱ्यानं. अंतोनी लेवेनहुक त्याचं नाव. 1683 मध्ये त्यानं स्वतःच्या दातांवरचं किटण स्वच्छ पाण्यात कालवून आपल्या भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातला नमुनाही त्यानं मिळवला. तिथे तर झुंबड होती!

पण दिसणं वेगळं आणि गुन्हा सिद्ध होणं वेगळं. त्याला पुढे दीडशे वर्षं लागली आणि पहिला गुन्हा सिद्ध झाला तो रेशमाच्या किड्यांच्या बाबतीत. इटलीतल्या अगोस्तिनो बास्सीनं 1835 मध्ये दाखवून दिलं, की किडे पांढरे पडून मरतात ते एका बुरशीमुळे, आणि ती बुरशी एका किड्यावरून दुसऱ्याकडे जाते. त्या बुरशीला आज त्याचंच नाव आहे.

व्हिएन्नातल्या इग्नाझ सेमेलवाइसला तर जंतू दिसलेही नव्हते. तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त मरत. तिथे भरती करू नका म्हणून बायका हातापाया पडत. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येतात, हे सेमेलवाइसनं हेरलं आणि मे 1847 पासून क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरांतल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास. 1848 च्या मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये त्या विभागात एकही मृत्यू नाही. तरी वरिष्ठांना ते पटलं नाही. नुसत्या हात धुण्यानं वाचल्या असत्या अशा किती आया त्यानंतरही गेल्या, याचा विचार केला की आजही चीड येते.

बटाटा, जेली आणि चायना ग्रास

एखादा जंतू दोषी ठरवायचा तर आधी तो एकटा वाढवावा लागतो. मग तो निरोगी प्राण्याला टोचायचा, तोच रोग होतो का पाहायचं आणि त्या प्राण्यातून तोच जंतू पुन्हा बाहेर काढायचा. रॉबर्ट कॉख यांनी ही पद्धत रूढ केली. पण जंतू वाढवायचे कशावर? उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर काही वाढत, सगळे नाहीत. जिलेटिनची जेली केली, तर उन्हाळ्यात ती वितळायची, शिवाय काही जंतू तीच फस्त करायचे.

तोड काढली ती फॅनी हेसे यांनी. त्यांचे पती वाल्टर हेसे कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत. फॅनीबाई घरी जेलीसाठी आगर वापरत, जावात राहून आलेल्या ओळखीच्या माणसांकडून शिकलेली ही युक्ती. आपल्याकडे पुडिंगसाठी वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास ते हेच. उन्हाळ्यातही ते घट्ट राहतं आणि बहुतेक जंतूंना ते पचत नाही. आज जगातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये जा, कल्चरच्या ताटलीत आगर असतं. ताटलीला मात्र नाव पेत्री नावाच्या शास्त्रज्ञाचं. फॅनीबाईंचं नाव किती जणांना माहीत आहे?

मांडवी ते कराची, व्हाया पिसू

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाचे आणि गाठींचे रोगी दिसू लागले. हा प्लेग आहे हे ओळखलं ते मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. प्लेगचा जंतू तोवर हाती लागला होता. अलेक्सांद्र येरसाँ यांनी तो 1894 मध्ये हाँगकाँगला शोधला होता. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी तोच जंतू वाढवून, उष्णतेनं मारून त्याची लस केली. 10 जानेवारी 1897 रोजी ती पहिल्यांदा टोचली स्वतःलाच. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

पण जंतू माणसात शिरतो कसा? ‘उंदीर पडले’ की गाव सोडून रानात झोपड्या बांधायच्या, हे आपल्या खेड्यांतल्या माणसांना अनुभवानं कळलं होतं. उंदरातून माणसात येण्याची वाट फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 2 जून 1898 रोजी कराचीत शोधली, आणि हा प्रयोग मला या सगळ्यांत देखणा वाटतो. त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगनं आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर वरून जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, खालची घाणही लागणार नाही अशी व्यवस्था. खालचा उंदीर मेला तरी तसाच ठेवला, कारण अंग थंड पडलं की पिसवा नवं बिऱ्हाड शोधतात. पाचव्या दिवशी वरचा उंदीर हलेनासा झाला आणि मग मेला. त्याच्या जांघेत आणि काखेत गाठी, गाठींत प्लेगचे जंतू. पिसवा नसलेला आजारी उंदीर ठेवून पाहिलं, तर शेजारी मजेत!

लोकांनी यावरही विश्वास ठेवला नाही. मग काही वर्षांनी मुंबईत प्लेग कमिशननं प्रयोग केले. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत प्राण्यांचे पिंजरे टांगले, काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर. हवेतून रोग येत असता तर दोघांनाही सारखाच झाला असता. पण आजारी पडले ते दोन इंचांवरचे. पिसूची उडी दोन फुटांपर्यंत पोचत नाही!

आणखी झटपट

अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात 1954 मध्ये संशोधकांनी पूर्ण निर्जंतुक पेटीत उंदीर वाढवले आणि त्यांना भरपूर साखर खाऊ घातली. एकाचाही दात किडला नाही. तोच आहार खाणाऱ्या, पण जंतूंसह वाढलेल्या उंदरांचे दात किडले. नुसती साखर दात पोखरत नाही, ती खाऊन आम्ल सोडणारे जंतू पोखरतात.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे डॉ. बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये जठरात सापडलेल्या जंतूंचं द्रावण प्यायलं. काही दिवसांत उलट्या, तोंडाला दुर्गंधी आणि दुर्बिणीतून तपासल्यावर जठराला सूज. त्या काळी अल्सरला काळजी आणि तिखट खाण्याचा परिणाम मानत. खरं कारण हे जंतू ठरले आणि मार्शल व त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सननं 1873 मध्येच पाहिला, पण तो ताटलीत वाढायला आजही तयार नाही. कलकत्त्याला कुष्ठरोगाचं शिक्षण घेताना बाबा आमटे यांनी तो स्वतःच्या शरीरात टोचून घेतला होता, तिथेही तो रुजला नाही. शेवटी 1971 मध्ये तो जोमानं वाढला अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवले असलेल्या प्राण्यात.

पटकीचा जंतू आतड्यात राहूनच माणसाला कोरडाठाक कसा करतो? कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये जंतू गाळून काढून टाकलेलं उरलेलं पाणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडलं. जंतू एकही नाही, तरी तुकडा पाण्यानं टम्म फुगला. मारणारं होतं जंतूनं सोडलेलं विष. डे यांना नोबेल मिळायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

2010 मध्ये हैतीत पटकीची साथ पसरली तेव्हा तिथल्या जंतूंची जनुकं वाचली गेली आणि ती त्या सुमारास नेपाळमध्ये असलेल्या जंतूंशी जवळजवळ तंतोतंत जुळली. संयुक्त राष्ट्रांचे नेपाळी सैनिक नुकतेच हैतीत आले होते आणि त्यांच्या छावणीची घाण नदीत जात होती. आणि करोनाचा विषाणू ‘कोणी पाहिलाय?’ असं विचारणाऱ्यांसाठी: पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं केरळातल्या रुग्णाच्या नमुन्यातून घेतलेलं त्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र 2020 च्या मार्चमध्येच प्रसिद्ध झालंय.

तुमच्या मुलांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर शिक्षकांना एक विनंती जरूर करा. काचपट्टीवर पातळ ताकाचा थेंब पसरून, त्यावर मिथिलीन ब्लू घालून मुलांना एकेक करून पाहू द्या. ते जंतू निरुपद्रवी असतात, निळ्या काड्यांसारखे दिसतात, आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की जंतू नसतातच, हे त्या मुलांच्या गळी कोणी उतरवू शकणार नाही.