गावाचा निधी कोणाच्या मर्जीने?

अंतर्गत रस्ता, नळयोजना, स्मशानभूमीची शेड, शाळेची खोली ही गावातील कामे बहुतांशी शासकीय निधीतून होतात. हा निधी गावापर्यंत दोन वाटांनी येतो.

पहिली वाट नियमाची. संविधानातील ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन राज्यांवर घातले. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदानही सूत्रानेच ठरते. चौदाव्या आयोगाने पंचायतींचे अनुदान राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला. अशा सूत्राला सरपंचाचा पक्ष कळत नाही.

दुसरी वाट शिफारशीची. महाराष्ट्रात '२५१५' या लेखाशीर्षाखाली लोकप्रतिनिधींनी सुचविलेली मूलभूत सुविधांची कामे मंजूर होतात. ग्रामीण राजकारणात हा आकडाच त्या निधीचे नाव होऊन बसला आहे. गरज शंभर गावांची असते, यादीत दहाच बसतात; मग ती दहा कोणती, हे ओळखीवर ठरण्यास वाव मिळतो. यात कायदा मोडलाच असे नसते. रस्ता खरोखर होतो, कागदपत्रेही चोख असतात. ज्या गावाचे नाव यादीत आलेच नाही, त्याची मात्र कोठेही नोंद राहत नाही. म्हणूनच पक्षपात सिद्ध करणे कठीण जाते. 'गावाच्या विकासासाठी' सरपंच सत्ताधारी पक्षात गेले, ही बातमी आपण वाचतो. तिचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

सत्ता बदलली की याची दुसरी बाजू दिसते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये नव्या सरकारने आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना स्थगिती दिली आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. मधल्या काळात खोळंबा झाला तो गावांचा.

केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू करताना वेगळा मार्ग धरला. राज्याच्या योजना निधीपैकी ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना देण्याचे ठरले. कोणत्या पंचायतीला किती रक्कम, हे अर्थसंकल्पाच्या चौथ्या परिशिष्टात नावानिशी छापले जाऊ लागले. रक्कम अशी विधानसभेपुढे आली की मंत्र्याच्या मर्जीने ती कमीजास्त करणे अवघड होते. पुढे २००१ मध्ये तेथे विरोधी आघाडीचे सरकार आले. मोहिमेचे नाव बदलले, पण परिशिष्ट छापले जात राहिले.