बोली वाढली म्हणजे पत वाढली?

एखादी दूरसंचार कंपनी ताब्यात घेण्यासाठी दोन-तीन समूहांची चढाओढ लागली की तिच्या शेअरचा भाव उसळतो आणि त्याच ओघात तिची पतही सुधारली, असे गृहीत धरले जाते. वास्तविक भाव आणि पत यांचे प्रश्नच वेगळे आहेत. मालकी विकून भागधारकाच्या हाती काय पडेल, हे भावावरून कळते. कंपनी व्याज आणि मुद्दल वेळेवर फेडेल का, हे पतीवरून. क्रिसिल, इक्रा, केअर या पतमानांकन संस्थांना या दुसऱ्या प्रश्नाशीच कर्तव्य असते. त्यामुळे बोलीच्या आकड्यापेक्षा जिंकणाऱ्याचा ताळेबंद कसा आहे, पैसा तो कुठून उभा करणार आणि त्याचा भार अखेर कोणाच्या डोक्यावर बसणार, याकडे त्यांचे लक्ष असते.

बोलीचा पैसा कंपनीत येतो, हा यातला सर्वांत पक्का गैरसमज. सोलापूरजवळच्या कुंभारीत एखादे घर चढ्या भावाने विकले गेले, तरी रक्कम विकणाऱ्याच्या खात्यात जाते. घराच्या गळक्या छपराला त्यातला रुपयाही लागत नाही. मुंबईच्या हचिसन एस्सार या मोबाइल कंपनीचे असेच झाले. 2006 च्या अखेरीस हाँगकाँगच्या हचिसन टेलिकॉमने आपला 67 टक्के हिस्सा विकायला काढला, तेव्हा व्होडाफोन, रिलायन्स कम्युनिकेशन्स, हिंदुजा आणि खुद्द भागीदार एस्सार यांची नावे चर्चेत होती. फेब्रुवारी 2007 मध्ये व्होडाफोनने सुमारे 11 अब्ज डॉलरला बाजी मारली. ही सगळी रक्कम हाँगकाँगच्या विक्रेत्याला मिळाली. भारतीय कंपनीच्या डोक्यावरचे सुमारे 2 अब्ज डॉलरचे कर्ज होते तिथेच राहिले. बदलला तो मालक. शिवाय एस्सारला आपला हिस्सा 5 अब्ज डॉलरला व्होडाफोनच्या गळ्यात घालण्याचा हक्क मिळाला आणि 2011 मध्ये एस्सारने तो वापरला. चढाओढ जिंकण्याची किंमत ही अशी मागाहूनही वसूल होत असते.

नव्या मालकाचे नाव मोठे असले की धनको निर्धास्त, हा समजही पूर्ण खरा नाही. विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, ही मुंबईत मुख्यालय असलेली सरकारी कंपनी होती. कर्ज नगण्य, तिजोरी भरलेली आणि परदेशी दूरध्वनी सेवेची मक्तेदारी. फेब्रुवारी 2002 मध्ये सरकारने तिचे 25 टक्के शेअर विकले. टाटांच्या पॅनाटोन फिनव्हेस्टने शेअरमागे 202 रुपये, म्हणजे 1,439 कोटींची बोली लावली. रिलायन्सची बोली 1,346 कोटींच्या आसपास होती. वर्तमानपत्रांत गाजला तो हा 93 कोटींचा फरक. धनकोच्या नजरेने पाहिले तर खरी हालचाल दुसरीकडेच होती. विक्रीआधी कंपनीने शेअरमागे 75 रुपयांचा विशेष लाभांश वाटला, 28.5 कोटी शेअरांवर ही रक्कम 2,137 कोटींच्या वर जाते. सरकारची संपूर्ण विक्री जेवढ्या रकमेची झाली त्यापेक्षा जास्त पैसा अशा रीतीने आधीच बाहेर पडला. 31 मार्च 2002 ला मक्तेदारी संपली. मे महिन्यात नव्या व्यवस्थापनाने टाटा टेलिसर्व्हिसेस या समूहातल्याच कंपनीत 1,200 कोटी रुपये गुंतवायचे ठरवले, तेव्हा दूरसंचारमंत्री प्रमोद महाजन यांनी जाहीर आक्षेप घेतला. महाजनांचा आक्षेप सरकार उरलेल्या शेअरांचे मालक म्हणून होता, पण पतमानांकन करणारा विश्लेषकही नेमका याच जागी बोट ठेवतो. स्वतःचेच शेअर विकत घ्यायला कोणाला पैसे पुरवण्यास कंपनी कायदा 1956 चे कलम 77 सार्वजनिक कंपनीला मनाई करत होते (2013 च्या कायद्यात ते कलम 67 आहे). ताबा मिळाल्यावर भगिनी कंपनीत पैसा वळवणे मात्र या कलमाच्या कक्षेत येत नाही. पतीला धोका असतो तो या वाटेने.

सर्वांत मोठी बोली सर्वांच्या हिताची, असेही नसते. अमेरिकेत 2005 साली एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी क्वेस्टने शेअरमागे 30 डॉलर देऊ केले आणि व्हेरायझनने 26. संचालक मंडळाने 26 डॉलर स्वीकारले. भागधारकांचा एक गट चिडला. पण क्वेस्ट स्वतः कर्जात बुडालेली होती आणि बड्या ग्राहकांनीही तिच्याविषयी शंका कळवल्या होत्या. एमसीआयच्या रोखेधारकांना चार डॉलर कमी देणारा, पण सशक्त मालकच परवडणारा होता.

पतमानांकनातले ‘आउटलुक’ आणि ‘रेटिंग वॉच’ एकच, हा किरकोळ वाटणारा घोळ बातम्यांत नेहमी होतो. आउटलुक साधारण सहा महिने ते दोन वर्षांतला कल सांगतो: स्थिर, सकारात्मक किंवा नकारात्मक. वॉच एखाद्या ठरावीक घटनेमुळे लागतो आणि तिचा निकाल लागला की उठतो. एक बोलीदार तगडा आणि दुसरा कर्जबाजारी असेल, तर मानांकन वरही जाऊ शकते आणि खालीही. अशा वेळी वॉचला ‘डेव्हलपिंग’ असा शेरा जोडतात. हा शेरा म्हणजे मानांकन घटवणे नव्हे.

कंपनी आधीच दिवाळखोरीत असेल, तर बोलीदार आले म्हणून ‘डी’, म्हणजे कर्ज थकल्याचे, मानांकन सुधारत नाही. बोलीवरून ठरते ते धनकोंची वसुली किती आणि केव्हा होणार एवढेच. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मनोऱ्यांची कंपनी रिलायन्स इन्फ्राटेल घेण्याची रिलायन्स इंडस्ट्रीजच्या उपकंपनीची योजना राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केली. रक्कम 3,720 कोटी. ती कोणत्या बँकेला किती मिळावी यावर धनकोंतच वाद पेटला आणि व्यवहार पुरा व्हायला डिसेंबर 2022 उजाडला.