चौघांचं वादन कसं ऐकावं?

श्रोतेहो, आकाशवाणीची सभा सुरू होताना वाजणारी धून तुमच्यापैकी पुष्कळांच्या कानांत बसलेली असेल. मागे तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. सा, रे, कोमल ग, प, ध या पाच सुरांच्या शिवरंजनी रागाची ती छाया. ही धून वॉल्टर कॉफमन यांनी बांधली, असे मानले जाते. हे गृहस्थ ज्यू. आजच्या चेक देशातल्या कार्ल्सबाड गावी १९०७ साली जन्मले. शेजारच्या जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि १९३४ साली ते मुंबईस आले. पुढे नभोवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्य संगीताचा विभाग त्यांनी सांभाळला.

मुंबईत त्यांनी एक मंडळ काढले, ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’. चेंबर म्हणजे दालन. मोठ्या वाद्यवृंदात एकच ओळ दहा-वीस जण मिळून वाजवतात. दालनसंगीतात प्रत्येक ओळीला वादक एकच. छडी हलवणारा म्होरक्या नसतो. या मंडळात पियानोवर स्वतः कॉफमन, तर व्हायोलिनवर झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता असत.

याच काळात कॉफमन यांनी चार तंतुवाद्यांच्या रचना लिहिल्या. दोन व्हायोलिनं, त्याहून थोडा खालचा व्हायोला आणि खर्जातला चेलो, अशी ही चौकडी.

आता राजगडाच्या पायथ्याच्या पालीसारख्या गावातलं भजन आठवा. वीणेकरी सूर धरतो, पखवाजी ठेका देतो. पण चाल एकच. बुवांनी म्हटली की टाळकरी तीच उचलतात. चौकडीत चौघांच्या चाली वेगळ्या, आणि त्या एकाच वेळी चालतात. मग गोंधळ का होत नाही? कारण कोणता सूर कोणत्या सुराशी केव्हा मिळावा, हे रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेलं असतं. कॉफमन यांच्या रचनांत या पद्धतीतच रागासारखी सुरावट डोकावते.

हे जमलं कसं? आपलं संगीत प्रथम ऐकलं तेव्हा त्यांना काहीच उमगलं नव्हतं. पण लाखो लोकांना जे आवडतं ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्यातच आहे, असं त्यांनी मानलं आणि ते शिकायला बसले. १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. चौकड्या मात्र बराच काळ अडगळीत राहिल्या. १९८४ साली ते वारले. त्यानंतर २०२० साली टोरांटोच्या वादकांनी त्यांतल्या दोन, सातवी नि अकरावी, ध्वनिमुद्रित केल्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, अशी चौकडी मुलांना तीनदा ऐकवा. पहिल्यांदा लक्ष फक्त चेलोच्या खर्जाकडे, दुसऱ्यांदा वरच्या व्हायोलिनकडे आणि तिसऱ्यांदा सगळ्यांकडे. मग विचारा, “कोण कोणाला उत्तर देत होतं?” मुलं बरोबर सांगतील.